डेल्यूज, तुफान आणि ‘पाणी भरलं’

२६ जुलै २००५ च्या पावसाला इंग्रजी वर्तमानपत्रांनी एक शब्द चिकटवला, ‘डेल्यूज’. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ धुऊन नेणं. मोठ्या अक्षराने लिहिला की तो थेट बायबलमधला नोहाचा पूर, म्हणजे आपल्या हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या काळातला. आणि हाच शब्द इंग्रज माणूस पत्रांचा ढीग आला तरी वापरतो.

आपणही वेगळं काय केलं? कुरआनात सूरह अन्कबूतमध्ये नूह यांच्या पुराला ‘तूफान’ म्हटलं आहे. तिथे पाणी आहे. मराठीत येईपर्यंत त्यातलं पाणी आटलं, वारा उरला. पुढे तर तुफान गर्दी, तुफान विनोदी नाटक! उर्दूने पाण्यासाठी ‘सैलाब’ वेगळा ठेवला: अरबी सैल म्हणजे वाहणं, फारसी आब म्हणजे पाणी. मराठीतला ‘प्रलय’ मुळात पाण्याचा नाहीच, तो लय पावण्याचा. म्हणून ‘जलप्रलय’ असं जोडून म्हणावं लागतं.

हे सगळं वर्गात सांगत असताना एका मुलीने विचारलं, “सर, मग २६ जुलैला आपल्यावर अजाब आला होता का?”

मी खडू खाली ठेवला. नूह यांनी आपल्या कौमला साडेनऊशे वर्षं समजावलं, मग तूफान आलं. बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या लोकांना कुणी काय समजावलं होतं? त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पाऊस अल्लाहचा, मान्य. पण उल्हास आणि वालधुनीच्या काठावर भराव कुणी घातले? वालधुनी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून वाहत येते आणि कल्याणपर्यंत पोहोचता पोहोचता तिचा नाला होतो. पुराचं पाणी आधी शिरतं ते नाल्याकाठच्या चाळींत, कारण गरिबाला जागा तिथेच मिळते. पापाचा हिशेब असा पत्ता बघून होत नसतो.

म्हणून मला ‘डेल्यूज’ची थोडी भीती वाटते. शब्द इतका मोठा की त्याखाली माणसाचा हात दिसेनासा होतो. उलट सरकारी ‘अतिवृष्टी’ कोरडी, पण मोजून मापून: महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर झाले की नोंद, आणि त्या नोंदीवर पंचनामा, पंचनाम्यावर मदत. कोरड्या शब्दाला निदान जाब तरी विचारता येतो.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारेक प्रवासी होते. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. बातम्यांमध्ये पुन्हा तोच डेल्यूज.

आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या खाला यातला एकही शब्द वापरत नाहीत. २००५ ला त्यांचं तांदळाचं पिंप, शिलाई मशीन, मुलीच्या लग्नाचे कपडे, सगळं गेलं. आजही विचारलं तर एवढंच म्हणतात, “त्या साली पाणी भरलं होतं.” आणि जून लागला की पिंप माळ्यावर चढवतात.