‘झुडपी जंगल’ : एका दप्तरी नांवाची छाननी

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ असें जमिनीच्या एका प्रकाराचें नांव आढळतें. ता. २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, ह्या नांवाखालील जमीन १९८० च्या वनसंरक्षण कायद्याच्या अर्थानें वनच होय. वनव्यवस्थेस अयोग्य म्हणून शासनानें पूर्वीं वेगळी काढलेली ८६,४०९ हेक्टर जमीन ह्या वादाच्या मुळाशीं होती. एका दप्तरी शब्दाच्या अर्थावर एवढी भूमि अवलंबून राहावी, हा प्रसंग इतिहाससंशोधकांनीं उपेक्षावा असा नाहीं. हें नांव कोठून आलें, त्यानें कोणत्या भूमीचें वर्णन होत असे, आणि ती भूमि त्यापूर्वीं कशी होती, ह्या तीन गोष्टींचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

नागपूरचें राज्य इ. स. १८५४ मध्यें खालसा झालें व १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. पुढील बंदोबस्तांत मालगुजारांस गांवांचे हक्क मिळाले आणि गांवकऱ्यांचे चराईचे व सरपणाचे वहिवाटी हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ ह्या कागदांत नमूद होऊं लागले. १९५१ मध्यें मालगुजारी नष्ट झाली. त्यानंतरच्या निस्तारपत्रकांत गांवच्या सामाईक जमिनीची प्रतवारी मोठ्या झाडांचें जंगल, लहान झाडांचें जंगल, झुडपी जंगल, गवत, अशा क्रमानें आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला. त्याबरोबर हीं दप्तरेंही तिकडे गेलीं.

ह्या प्रतवारीची मोजपट्टी लांकूड ही आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या जमिनींत सागाची तुळई मिळते ती वर, जींत केवळ बोर, तरवड व करवंद वाढतें ती खालीं. मराठेशाहीची दृष्टि ह्याहून निराळी होती. आज्ञापत्रांत सागादि वृक्षांची काळजी आहेच. पण घोडदळावर चालणाऱ्या राज्यास गवत हें दाणागोट्याइतकेंच मोलाचें असे. म्हणून कुरणें राखलीं जात, त्यांवर राखणदार असत, आणि कुरण हा कारभाराचा एक स्वतंत्र विषय होता. जी भूमि एका राजवटीच्या कागदांत ‘कुरण’ म्हणून कांहीं देणारी होती, ती पुढच्या राजवटीच्या कागदांत ‘पडीत’ वा ‘झुडपी’ म्हणून उणी ठरली. भूमि कदाचित् तीच असेल. पाहणाराची गरज पालटली.

नांवाच्या पाठोपाठ एक समजूत आली. झुडुपें आहेत त्या अर्थीं पूर्वीं येथें मोठें अरण्य असावें, तें कुऱ्हाडीनें व गुरांनीं नासलें, आणि झाडें लावून तें पुन्हा उभें करावें, अशी ती समजूत होय. हवामान तापूं लागल्यावर तिला नवें बळ मिळालें. भारतानें २०१५ मध्यें असा संकल्प जाहीर केला कीं, २०३० पर्यंत वनें व वृक्ष यांच्या द्वारें अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायु अधिक शोषून घ्यावा. महाराष्ट्र शासनानें २०१६ पासून वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा काढल्या. २०१९ मधील संकल्प ३३ कोटी रोपांचा होता. एवढीं रोपें लावावयाचीं तर मोकळी जमीन हवी, आणि मोकळी जमीन शोधूं जातां माळरानांवर दृष्टि जाते.

सर्व माळरानें हीं नासलेलीं अरण्यें होत काय, हा मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे. तो प्रथम परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकांनीं विचारला. बंगळूरच्या जयश्री रत्नम् व महेश शंकरन् यांनीं परदेशीय सहकाऱ्यांसह २०११ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, भारतांत ज्यांस पानगळीचीं वनें म्हणतात त्यांपैकीं पुष्कळ वस्तुतः ‘सॅव्हाना’ ह्या वर्गांतील आहेत. सॅव्हाना म्हणजे जेथें विरळ वृक्षांखालीं उन्हाची भुकेली गवतें अखंड वाढतात अशी भूमि. तेथील वृक्षांस वणवा व चराई सोसण्याची संवय असते. पळस व तेंदू हे जळाल्यावर वा तोडल्यावर मुळांपासून पुन्हा फुटतात, हें विदर्भांतील प्रत्येक गुराख्यास ठाऊक आहे. अशा भूमीवर दाट लागवड करून छाया केली म्हणजे गवत मरतें, व त्याबरोबर काळवीट व माळढोक यांचा आश्रय जातो. शिवाय गवताळ भूमीचा कर्ब बव्हंशीं मातींत व मुळांत सांठलेला असतो. वणव्यानें गवत जळालें तरी तो सांठा बहुतांशीं टिकतो. लावलेलीं झाडें जळालीं वा अवर्षणानें वाळलीं तर त्यांतील कर्ब पुन्हा हवेंत जातो. उष्मा व पावसाचा खंड वाढत असतां हा भेद लहान नव्हे.

ह्या वादांत जुन्या मराठी ग्रंथांस साक्षीस बोलाविण्याचें काम आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं केलें. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पठारासंबंधीं तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचें साहित्य, चरित्रें, आख्यायिका व ओव्या त्यांनीं चाळल्या. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ४४ वन्य वनस्पतींचे उल्लेख नोंदले आहेत. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश माळरानाच्या आहेत, आणि खऱ्या दाट अरण्याच्या फारच थोड्या. हिवर, तरटी यांसारखीं कांटेरी झाडें संतचरित्रांशीं व लोककथांशीं निगडित आहेत. पंढरपुरास कान्होपात्रेच्या समाधीशीं जोडलेला तरटीचा वृक्ष सर्वश्रुत आहे. तेव्हां इंग्रजी अंमलाच्या कितीतरी आधीं तें पठार उघडें व कांटेरी होतें, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष मान्य करतांना साक्षीदारांची पारख करणें आमच्या व्यवसायास उचित होय. काव्यांतील वनवर्णनें बहुधा संस्कृत परिपाठानें चालतात. चंपक, बकुल, अशोक यांची यादी कवीनें वनांतून आणली कीं पोथींतून, हें सांगतां येत नाहीं. अशी साक्ष हलकी धरावी. उलट जेथें प्रसंगाच्या ओघांत झाड येतें, वाटेवर कोणी कोणत्या झाडाखालीं बसतो, कुंपणास कोणते कांटे घालतो, तेथें लेखकास झाडाविषयीं कांहीं सिद्ध करावयाचें नसतें. निर्हेतुक साक्ष ही वजनदार साक्ष होय. ह्या दृष्टीनें लीळाचरित्राची योग्यता मोठी आहे. म्हाइंभटांनीं शके १२०० च्या सुमारास ऋद्धिपुरीं जुळविलेल्या ह्या गद्य ग्रंथांत गांवांचीं व स्थळांचीं नांवें पावलोपावलीं येतात. त्याच्या संपादनांत नागपूरचा वाटाही आहे, ह. ना. नेने यांची आवृत्ति १९३६ पासून येथूनच निघूं लागली, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु राहिलेले वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९७८ मध्यें आली.

तथापि पठाराची साक्ष जशीच्या तशी नागपुरास लावणें सयुक्तिक होणार नाहीं. नागपुरास वर्षास सुमारें ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पठाराच्या कोरड्या पट्ट्यांत त्याच्या जवळपास निम्मा. पूर्व विदर्भांत खरीं अरण्यें होतीं व आहेत. त्यांतील कांहीं रेल्वेच्या स्लीपरांसाठीं व शेतीसाठीं तुटलीं. म्हणून ‘झुडपी’ ह्या एकाच नांवाखालीं मुरमाड जमिनीचें प्राचीन माळरान आणि तुटलेल्या अरण्याचा अवशेष, अशा दोन भिन्न वस्तु येऊं शकतात. पहिलीस गवत राखणें हाच उपाय, दुसरीस झाडें वाढूं देणें हा. गांवागांवाचा पुरावा पाहिल्यावांचून हा निवाडा होणें नाहीं.

न्यायालयानें ह्या भूमीस वन ठरवून तिच्यावर होणाऱ्या बांधकामास आळा घातला, हें इष्टच झालें. इतरत्र गेलेल्या वनाची भरपाई म्हणून ह्या जमिनींवर लागवड करण्यासही निकालांत कडक अटी आहेत. पण वन ह्या शब्दाबरोबर रोपांची गाडी येतेच, आणि कायदा भूमीचा पूर्वेतिहास सांगत नाहीं. तो सांगणारे कागद आमच्या वाचकांच्या संग्रहीं आहेत.

महजर, निवाडपत्रें व ताम्रपट यांतील चतुःसीमांमध्यें झाडें खुणा म्हणून येतात. आजपर्यंत अशा कागदांच्या नकला घेतांना आपण व्यक्ति, तिथि व हक्क टिपले, आणि ‘बाभळीपासून बोरीपर्यंत’ अशा ओळी निरुपयोगी म्हणून गाळल्या. ह्यापुढें त्या गाळूं नयेत. ज्यांच्यापाशीं विदर्भांतील मालगुजारी दप्तरें, वाजिब-उल-अर्ज, कुरणांच्या सनदा किंवा महानुभावी पोथ्या असतील, त्यांनीं त्यांतील झाडांचीं व गवतांचीं नांवें गांव व शक यांसह मूळ लेखनाप्रमाणें उतरून मंडळाकडे पाठवावीं. झुडपी म्हणून नोंदलेलें एखादें गांवशिवार दोनशें वर्षांपूर्वीं गवताचें होतें कीं सागाचें, हें अशा एका ओळीनेंही ठरूं शकेल. आणि तेथें खड्डे खणण्यापूर्वीं तें ठरलेलें बरें.