संमतीपत्रावर सही कोणाची?

ऑपरेशन ठरले की संमतीपत्र बऱ्याचदा नातेवाइकांच्या हातात दिले जाते. रुग्ण मात्र शेजारीच, पूर्ण शुद्धीवर असतो. रुग्णाचे वय 18 वर्षे पूर्ण असेल आणि सांगितलेले त्याला समजत असेल, तर उपचाराचा निर्णय त्याचाच. नवरा, मुलगा किंवा आई-वडिलांची सही त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

2008 मध्ये न्यायालयाने एका स्त्रीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी तिला भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

सही करण्यापूर्वी विचारा

• मला नेमका कोणता आजार आहे?
• या उपचाराचे फायदे आणि धोके कोणते?
• दुसरा पर्याय आहे का? काहीच केले नाही तर काय होईल?
• ऑपरेशन करताना आणखी एखादा अवयव काढावा लागू शकतो का?

उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा. दिलेली संमती उपचार सुरू होण्यापूर्वी मागेही घेता येते. एका उपचाराला नकार दिला म्हणजे वेदना कमी करणारे उपचारही बंद होतात, असे नाही.

दुसऱ्यांनी निर्णय कधी घ्यावा?

• रुग्ण 18 वर्षांखालील असेल, तर पालकांनी.
• रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला समजण्याची क्षमता नसेल, तर जवळच्या नातेवाइकांनी. अशा वेळी ‘आम्हाला काय वाटते’ यापेक्षा ‘त्यांनी काय ठरवले असते’ हा विचार करावा.
• जीव धोक्यात असेल आणि वेळ नसेल, तर डॉक्टर संमतीसाठी न थांबता उपचार करू शकतात.

घरच्यांसाठी

‘आईला कॅन्सर आहे हे सांगू नका,’ अशी विनंती डॉक्टरांना अनेकदा केली जाते. त्यामागे माया असते. पण आजारच माहीत नसेल तर आई निर्णय कसा घेणार? आधी तिलाच विचारा, ‘तुला किती जाणून घ्यायचे आहे?’ ‘तुम्हीच काय ते ठरवा,’ असे ती म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय आहे. मात्र हे डॉक्टरांनी तिच्याशी एकटीने बोलून खात्री करून घ्यावे.