व्यायामशाळा आणि विहार : एका स्पर्धेच्या निमित्ताने

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर लेख असतात, शिक्षणावर असतात, परमपूज्य बाबासाहेबांच्या कार्यावर तर असतातच. आम्ही यंदा विहाराच्या मागच्या खोलीवर लिहितो आहोत. त्या खोलीत लोखंडी वजनं आहेत, एक आडवा बार आहे आणि घामाचा वास आहे. आमच्या पोरांनी जयंतीच्या आठवड्यात तिथे खुली स्पर्धा भरवायची म्हटली आणि वस्तीत सरळ दोन तट पडले.

जुनी मंडळी म्हणाली, "विहार हे वंदनेचं ठिकाण. तिथे उघड्या अंगाने उभं राहून दंड दाखवायचे, हे शोभतं का?" पोरं म्हणाली, "मग आम्ही जायचं कुठे? नाक्यावर?" दोघांचंही खोटं नव्हतं. बैठकीत आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही इतिहासाकडे वळलो. तो इतिहास इथे थोडक्यात मांडतो.

आपली देवळाली म्हणजे छावणीचं गाव. १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी इथे तळ उभारला. विलायतेहून आलेले आणि परत निघालेले गोरे शिपाई इथे बोटीची वाट बघत पडून राहायचे. काम नाही, वर ताप आणि दारू. त्यात काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजी भाषेत 'डूलाली' हा शब्दच तयार झाला. अर्थ काय, तर वेडा झालेला! आपल्या गावाचं नाव जगाच्या कोशात गेलं ते असं. रिकामं बसलेलं शरीर मनाला खातं, एवढा धडा त्यातून घ्यावा. पुढे फाळणीनंतर तोफखान्याचं शिक्षण देणारी शाळा ककुलहून इथे आली आणि आजही आहे. पहाटे रस्त्याने पळणारे जवान बघतच आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या.

या फौजेशी आपलं नातं जुनं आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत आपले शिपाई होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पण १८९२ साली महारांची भरती बंद झाली. 'लढाऊ जाती' नावाचं एक शास्त्र साहेबांनी काढलं आणि त्यात आपण बसेनासे झालो. आम्ही विचारतो, १८९१ साली जी छाती चालत होती, ती १८९३ साली कशी चालेना? छाती तीच, मोजणारा हात बदलला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

तालमीचंही तसंच. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतिराव फुले दांडपट्टा शिकले. मातंग समाजातला वस्ताद आणि त्याच्याकडे सगळ्या जातींची पोरं! राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून मल्लविद्येला आश्रय दिला. पण गावोगावच्या तालमींत आपल्या पोराला मातीत उतरू देत नव्हते. कारण उघड आहे. कुस्ती म्हणजे स्पर्शच. अंगाला अंग लावल्याशिवाय डाव पडत नाही. ज्याची सावली चालत नाही, त्याची पकड कशी चालेल?

आता नाशिकचा प्रसंग. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे लहान पोरालाही माहीत आहे. पण ९ एप्रिलच्या रथाची गोष्ट फार कमी लोक सांगतात. रथोत्सवाच्या दिवशी तडजोड अशी ठरली की, दोन्ही बाजूंच्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेब आपली निवडक माणसं घेऊन मंदिराच्या दरवाज्याशी आले. आणि आपल्या माणसांचा हात दोराला लागण्याआधीच रेटारेटी सुरू करून सनातन्यांनी रथ पळवला. दगडफेक झाली. खुद्द बाबासाहेबांना लागलं. बंधूंनो आणि भगिनींनो, त्या दिवशी आपण ताकदीत कमी पडलो नव्हतो. ठरलेला नियम समोरच्याने मोडला होता. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बैठकीत एवढं सांगितल्यावर जुनी मंडळी गप्प झाली. पण एका बाबांनी रास्त मुद्दा काढला. "व्यायामशाळा असू दे. पण स्पर्धा कसली? अंग दाखवायची?" शरीरसौष्ठव स्पर्धेची प्रथा बाहेरची. १९०१ साली युजेन सँडो या पहिलवानाने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मोठी स्पर्धा घेतली, तिथून तिचा बोलबाला झाला. मेहनत लागते, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण तिच्या नादाने पोरं काय करतात तेही आम्ही पाहिलं आहे. स्नायूंच्या रेषा दिसाव्यात म्हणून पाणी तोडतात. आमच्या वस्तीतला एक मुलगा दुसरीकडच्या स्पर्धेत असाच स्टेजमागे चक्कर येऊन पडला होता. कुणी डॉक्टरला न विचारता इंजेक्शनं घेतात. पाचवं शील काय फक्त दारूपुरतं आहे का?

तथागतांनी सहा वर्षं देह वाळवला आणि शेवटी सुजाताची खीर घेतली. देह वाळवून ज्ञान मिळत नाही, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं. मग देह फुगवूनही मिळणार नाही. मधला मार्ग घ्या. म्हणून ठरलं की अंग दाखवायचं नाही, अंग काय करू शकतं ते दाखवायचं. १६०० मीटर धाव, बीम म्हणजे बारवर पुल-अप, दंड आणि बैठका. यातली धाव आणि बीम आज फौजेच्या भरतीत विचारतात. २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांची भरती आहे, तिच्याविषयी आमचं मत वेगळं असेल, पण मैदानात नापास होऊन पोराने परत येऊ नये. प्रवेश सर्वांना खुला. फॉर्मवर नाव, वय, वजन आणि डॉक्टरचा दाखला. जातीचा रकाना नाही.

स्पर्धेला कॅम्पातली पोरं आली, भगूर, लहवित, संसरीकडची आली. मुली धावल्या, थोड्या होत्या पण धावल्या; आता सकाळचा एक तास व्यायामशाळा त्यांच्यासाठी राखली आहे. बारपाशी मोजायला कोण, तर विरोध करणारे तेच बाबा! आम्हीच त्यांना बसवलं. नियम सोपा. हात पूर्ण सरळ, हनुवटी बारच्या वर, तरच एक.

शेवटी दोघं उरले. एक आपला, एक शेजारच्या गावच्या तालमीतला. त्याने एकोणीस मारले. आपला पोरगा एकोणिसावर आला, विसाव्याला हनुवटी बारला टेकली, वर गेली नाही. वस्ती ओरडली, "झाले वीस!" बाबा म्हणाले, "एकोणीस." मग बरोबरी सोडवायला दोघांना पुन्हा लटकवलं आणि आपला पोरगा एकाने हरला.

काय तो गोंधळ! आपलं विहार, आपली वर्गणी, आपला बार, आणि बक्षीस बाहेर? काही तरुणांनी बाबांना उलटसुलट सुनावलं. ते उठले आणि एवढंच बोलले, "रथाच्या दिवशी आपल्याशी काय केलं? तेच आपण करायचं का?"

सगळे चिडीचूप. जिंकलेल्या मुलाला बाबांच्याच हातून बक्षीस दिलं. आपल्या पोराने त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि घामेजल्या हातांनी हात मिळवला. आमच्या आजोबांच्या काळात तो हात कुणी हातात घेतला नसता. आता त्याच एका बारला दोघांचा घाम लागला होता आणि कुणी तो धुवायला पाणी आणलं नाही.

व्यायामशाळा विहाराजवळ का हवी, याचं उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळालं. ताकद कुठेही कमावता येते. पण आपलंच माणूस हरत असताना खरी मोजणी करायची ताकद शीलातून येते. पोरांनो, बार तुमची वाट बघतो आहे. पाणी पिऊन या.

जयभीम!