आदिलाबादची जमीन : सारवणापासून कोब्यापर्यंत

ज्या आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात आले, तेथील घरांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्याच होत्या. मुरूम पसरून, पाणी शिंपडून तो धुम्मसाने चोपायचा आणि वर शेणाने सारवायचे, अशी रीत होती. खडी, वाळू व सिमेंटचा कोबा नंतर आला. परंतु काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उकरून मुरूम न भरता घातलेला कोबा हमखास तडकतो, आणि कोरड्या उन्हात त्यावर आळी बांधून आठवडाभर पाणी राखले नाही, तर वरची भुकटी सुटते. तडकलेला कोबा फोडताना खालची मातीही बदलावी लागते, पण खर्चाच्या धास्तीने ते बहुधा टाळले जाते.