उपासाची बडीशेप

जेवण आटोपल्यावर तबकातली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकणाऱ्या भारतीय गृहस्थाला तिचे कार्य विचारले, तर ‘अन्न पचावे म्हणून’ असे उत्तर तो देईल. आयुर्वेदानेही तिला दीपन-पाचन द्रव्यांत स्थान दिले आहे. मंदावलेला जठराग्नी प्रदीप्त करणे हा तिचा धर्म. युरोपात मात्र शेकडो वर्षे हाच दाणा नेमक्या उलट हेतूने, भूक आवरण्यासाठी, चघळला जात होता.

बडीशेप मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. ग्रीक तिला ‘मॅरॅथॉन’ म्हणत, आणि इ. स. पूर्व 490 मध्ये जेथे इराणी सैन्याचा पराभव झाला, त्या मैदानाचे नावही या झाडावरूनच पडले असे मानतात. या नावाचा संबंध ‘सुकणे, झडणे’ अशा अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडून तिच्या अंगी माणसाला कृश करण्याचा गुण आहे, असेही काहींनी सांगितले. पण व्युत्पत्तीच्या पायावर औषधीगुणांची इमारत रचणे धोक्याचेच.

मध्ययुगीन इंग्लंडमधील पुरावा अधिक भरवशाचा आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम लँगलंड याने ‘पिअर्स प्लाउमन’ हे दीर्घ रूपककाव्य रचले. त्यात मूर्तिमंत खादाडपणा पापाची कबुली देण्यासाठी देवळाकडे निघतो. वाटेत दारू गाळणारी बाई त्याला हटकते. तिखट मसाला काही आहे काय, असे तो विचारतो, तेव्हा मिरी, लसूण यांच्याबरोबर उपासाच्या दिवसांसाठी एक फार्दिंगची बडीशेपही आपल्याजवळ असल्याचे ती सांगते. गृहस्थ आत शिरतो, संध्याकाळपर्यंत पीत बसतो आणि पुढे दोन दिवस झोपून काढतो. देऊळ राहिले बाजूलाच! फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तेव्हा उपासाची ही सोय सामान्य माणसाच्याही आवाक्यातली होती.

त्याच काव्यात ‘भूक’ हेही एक पात्र आहे, आणि ते विनोदी नाही. सुगीला अवकाश असतो, घरांतले धान्य संपत आलेले असते, गरीब लोक कोंड्याची भाकरी आणि वाटाणे-घेवडे यांवर दिवस ढकलतात. ही भूक निजते ती नवे पीक हाती आल्यावर. व्रताची भूक चिमूटभर दाण्यांनी निभावते; अभावाच्या भुकेला लँगलंडने तो उपाय सुचवलेला नाही, हे त्याच्या जाणतेपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

पुढे सतराव्या शतकात बडीशेप धष्टपुष्टांच्या सेवेस लागली. 1657 मध्ये विल्यम कोल्स या वनस्पतीज्ञाने लिहिले की, अंगाने सुटलेल्या लोकांचा बोजडपणा घटावा म्हणून तिची पाने, बिया आणि मुळे पेयांत व कढणांत घालतात. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात धर्मनिष्ठ कुटुंबे लांबलचक प्रवचनांना जाताना बडीशेप आणि शेपूचे दाणे रुमालात बांधून नेत. त्यांना नावच ‘सभेचे दाणे’ असे पडले होते. त्यांनी मुलांची चुळबुळ थांबे, मोठ्यांची झोप उडे आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोटाला धीर येई.

यात तथ्य किती? दाणा सावकाश चावला की अॅनेथोल या द्रव्याचा गोडसर सुवास तोंडात दरवळतो, लाळ सुटते आणि तोंडाला काही काम मिळते. मेथीची गोष्ट वेगळी: तिच्यातील तंतुमय अंश पाण्याने फुगून बुळबुळीत होतो व पोट भरल्याची भावना वाढवतो. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नऊ स्थूल स्त्रियांना जेवणापूर्वी कधी बडीशेपेचा, कधी मेथीचा, तर कधी नुसता दिखाऊ चहा दिला. पहिल्या दोन चहांनी खाण्याची इच्छा ओसरल्याचे त्यांनी नोंदवले. मात्र नंतर पुढ्यात जेवण आले, तेव्हा तिन्ही वेळी त्यांनी खाल्लेल्या अन्नात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.