उडत्या पाखरावर रोखलेली बंदूक

ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटात किंवा आमराईत आपण स्वर्गीय नर्तक पाहिला असेल. डोके काळेभोर, त्यावर तुरा, नराचे अंग पांढरेशुभ्र, आणि त्याच्या शेपटीला दोन लांबलचक फिती. त्या फिती त्याच्या अंगाहूनही लांब असतात. हे पाखरू माशी टिपायला झेपावते, फिती हवेत लहरतात आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे संपते. आता सांगा बरे, झेपेच्या मध्यावर त्याचे पंख वर होते की खाली? शेपटी कशी वळली? नाही ना सांगता येत? त्यात कमीपणा काही नाही. माणसाच्या डोळ्याची धावच तेवढी.

हाच प्रश्न फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञाला छळत होता. त्यांचे नाव एत्येन-ज्यूल मारे, जन्म 1830 चा. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारे यंत्र त्यांनी सुधारून घेतले होते. पुढे त्यांनी पक्ष्यांच्या अंगावर हलकी उपकरणे बांधून पंखांची हालचाल नोंदवली. पण नळ्या अडकवलेले पाखरू मोकळे कसे उडणार?

1878 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्यांत दिसले. मारे यांनी ती चित्रे पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले, की पाखराचेही असेच करावे. पण घोडा आखलेल्या वाटेने धावतो. पाखरू का कुणाच्या वाटेने जाणार आहे? तेव्हा पाखराच्या मागे फिरेल असाच कॅमेरा हवा.

म्हणून 1882 साली मारे यांनी बंदूकच केली! नळीत भिंग, मागे घड्याळासारखे चाक आणि फिरणारी काच. चाप ओढला की एका सेकंदात 12 चित्रे. प्रत्येक चित्राला वेळ सेकंदाचा 720 वा भाग. इटलीत नेपल्सजवळ ते ही बंदूक समुद्रपक्ष्यांवर रोखत. बार नाही, धूर नाही, पाखरू पडत नाही, आणि तरी गृहस्थ खूश! तिथले लोक त्यांना खुळा म्हणत, असे सांगतात. पण त्या खुळ्याच्या हाती जे लागले, ते कोणत्याही शिकाऱ्याच्या झोळीत नव्हते. मेलेले पाखरू पिसे दाखवील, हाडे दाखवील. उड्डाण मात्र जिवंत पाखराजवळच असते.

बंदुकीची चित्रे फार लहान येत आणि 12 पुरीही पडत नसत. मग पॅरिसजवळ काळ्या पडद्यापुढून पांढरे पाखरू उडवून मारे यांनी एकाच काचेवर पाठोपाठ चित्रे घेतली. 1888 मध्ये काचेच्या जागी कागदाची पट्टी आली. चलच्चित्रपटाची वाट इथूनच पुढे गेली. पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्यांचा ग्रंथ 1890 साली निघाला. खाली येताना पंख वल्ह्यासारखा मागे रेटत नाही, तो खाली आणि पुढे येतो, हे या चित्रांत उघड दिसले. 1903 मध्ये राइट बंधूंचे विमान उडाले आणि 1904 मध्ये मारे वारले.

लांब शेपटीचे पाखरू आजही छायाचित्रकाराची परीक्षा पाहते. डोक्यावर नेम धरावा तर शेपटी चौकटीबाहेर जाते. शेपटी सांभाळावी तर पंख पुसट येतो. सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात चित्र घ्यावे आणि मागे शेपटीला जागा सोडावी, तेव्हा कुठे जमते.

गुरुजी, आपल्या मुलांना एकदा शेताच्या बांधावर न्या. बगळा उडताना पाहून पंखाचे चार टप्पे पाटीवर काढायला सांगा. नंतर कुणाच्या मोबाइलवर तेच उड्डाण संथ गतीने दाखवा. चित्रे चुकलेली निघतील; निघू द्यात. आपण पाहिले असे वाटते आणि खरे काय घडते, यांतले अंतर मुलांना कळले, की त्या बिनगोळीच्या बंदुकीचा नेम आपल्या शाळेतही लागला म्हणायचा.