वऱ्हाडांतील वानप्रस्थ

सेवानिवृत्तीस तीन-चार वर्षें उरलीं म्हणजे भेटेल तो मनुष्य एकच प्रश्न विचारूं लागतो: "पुढें राहणार कोठें?" आमच्यापुढें दोन घरें आहेत. एक अमरावतीच्या कँपांत नोकरीच्या मिळकतीवर बांधलेलें. दुसरें दर्यापूर तालुक्यांतील वडिलोपार्जित वाड्यापैकीं उरलेल्या ओसरीचें व दोन खोल्यांचें. तेथें थोरले बंधू राहतात, आणि आम्हीं परत यावें असा त्यांचा आग्रह आहे. इतिहास हा आमचा विषय; तेव्हां निर्णय करण्यापूर्वीं आमच्या आधींच्यांनीं काय केलें हें पाहण्याची खोड आम्हांस आवरली नाहीं.

शास्त्राची आज्ञा स्पष्ट आहे. सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचें तोंड हीं दिसलीं कीं गृहस्थानें अरण्याची वाट धरावी, असें मनु सांगतो. परंतु वऱ्हाडच्या पाटील-देशमुखांनीं ही आज्ञा फारशी मनावर घेतलेली दिसत नाहीं. वतन वंशपरंपरेचें, तें सोडण्याचें वय ठरलेलें नव्हतें. कारभार मुलाकडे गेला तरी म्हातारा ओसरीवर बसून सल्ला देतच राही, आणि डोळे मिटी तोहि त्याच पांढरीवर. ज्यास निवृत्तीचा दिवस म्हणावा तो त्याच्या आयुष्यांत उगवतच नसे. मग त्यानंतर कोठें राहावें हा प्रश्न तरी कोठून यावा?

शहरांत जे येत ते सुखासाठीं येत असेंहि नाहीं. अमरावतीचा दगडी परकोट १८०७ सालीं बांधावयास लागला तो पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून. घेर सुमारें सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पांच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांतल्या एका खिडकीस 'खुनारी' हें नांव पडलें, कारण तिच्यापाशीं एका दंग्यांत सुमारें सातशें माणसें मारलीं गेलीं, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. म्हणजे भिंतीच्या आंत तरी स्वस्थता होती असें कोणीं समजूं नये.

निवृत्ति ही वस्तु येथें आली ती इंग्रजी अंमलाबरोबर. निजामानें १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें; पुढें त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन अमरावती आणि अकोला हीं त्यांचीं मुख्य ठाणीं झालीं. कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, त्यांबरोबर पगारी कारकून व मास्तर आले, आणि पंचावन्नाव्या वर्षीं त्यांस घरीं बसविण्याचा नियमहि आला. घरीं खरें, पण कोणत्या? पेन्शन खजिन्यांत मिळे, आणि आपण हयात आहों हें दाखविण्यासाठीं पेन्शनरास तेथें जातीनें उभें राहावें लागे. ज्यानें पावसाळ्यांत वऱ्हाडची काळी माती पाहिली आहे, बैलगाडीचीं चाकें तींत आंसापर्यंत रुततांना पाहिलीं आहेत, त्यास हा हेलपाटा काय होता हें सांगावयास नको. ठाण्याजवळच राहावयाचें, तर मोठ्या ठाण्यांत कां राहूं नये? मुलांच्या शाळा, दवाखाने हीं कारणें होतींच. पण पहिली दोरी खजिन्याची, असें आमचें मत आहे.

शांततेची ओढ हेंच जर खरें कारण असतें, तर पेन्शनरांनीं एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, गांठलें असतें. वऱ्हाडची ती जुनी राजधानी. १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोहोंचलेला लोहमार्ग अकोल्यावरून व बडनेऱ्यावरून गेला, एलिचपूर बाजूस राहिलें. १९०५ सालीं त्याचें जिल्ह्याचें ठाणेंपणहि गेलें. शांतता हवी तेवढी होती, परंतु पेन्शनरांची वस्ती वाढली ती अमरावती-अकोल्यासच. साहेबाची गोष्ट निराळी. तो गांवाबाहेर कँपांत राही, उन्हाळ्यांत चिखलदऱ्यास जाई, आणि पेन्शन झाली कीं विलायतेस. शहराची सोय हाताशीं असावी, पण त्याचा गलबला कानीं येऊं नये, ही कल्पना त्याची. आमच्या लोकांनीं ती उचलली, आणि आमचें कँपांतील घर त्याच उसनवारीचें आहे.

शांतता सांपडूनहि परत फिरलेल्या एका अमरावतीकराची आठवण येथें होते. दादासाहेब खापर्डे यांनीं टिळकांना १९०८ सालीं शिक्षा झाल्यावर त्यांच्या कामासाठीं दोन वर्षें विलायतेंत काढलीं. परत आले तों वकिली बसलेली. डिसेंबर १९११ मध्यें, वयाच्या ५७ व्या वर्षीं, ते शिरडीस गेले व तीन महिन्यांवर राहिले. तेथील रोजनिशी त्यांनीं लिहून ठेवली आहे: पहाटेची प्रार्थना, आरती, पंचदशीचें वाचन. वाचणाऱ्यास वाटावें, हा गृहस्थ आतां उठत नाहीं. मार्च १९१२ मध्यें ते उठले, पत्नीस मागें ठेवून अमरावतीस आले आणि पुन्हा अशिलांत बसले. १९३८ सालीं त्यांचा अंतहि अमरावतीसच झाला. आम्हांस त्यांत कमीपणा दिसत नाहीं. ज्याचा चरितार्थ शहरांत, त्यास शांतता सुटीपुरतीच मिळावयाची.

आतां खजिन्याची दोरी तुटली आहे. पेन्शन बँकेंत जमा होते. २०१४ पासून हयातीचा दाखलाहि बोटाच्या ठशावर घरबसल्या देतां येतो. परंतु आमचें गांव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत. विहीर खणावी तों पाणी खारें. तें पिकास चालत नाहीं, माणसास तर नाहींच. लहानपणीं गोड्या पाण्यासाठीं घरच्या बायका किती चालत तें आम्हीं पाहिलें आहे. बंधू म्हणतात, "आतां शहानूर धरणाचें पाणी नळानें येतें." त्यावर आमच्या घरांतून प्रश्न आला, "किती दिवसांआड येतें, तें भाऊजींना विचारून घ्या."

बंधूंचें वय पंच्याहत्तर, मुलें पुण्यास. गेल्या आषाढांत मध्यरात्रीं त्यांच्या छातींत कळ आली. गाडी मिळून अमरावतीस दवाखान्यांत पोहोंचेपर्यंत उजाडलें. तेव्हांपासून आम्हांस बोलावण्याचा त्यांचा आग्रह वाढला, आणि त्यांनींच कँपांत यावें हा आमचाहि. "ओसरी कोणाच्या हवालीं करूं?" एवढेंच ते विचारतात, आणि पाटील-देशमुखांचा सारा इतिहास वाचूनहि आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

पोळ्यास आम्ही दोघें गांवीं जाणार आहों. पंधरा दिवस राहून पाहावयाचें ठरलें आहे. पाण्याचे दोन कॅन गाडींत आधींच चढले आहेत.